चेऊलकर सर आणि मोशेचे ग्रीक शिष्य

चेऊलकर सरांच्या केबिनमधून रडत बाहेर आलेली पहिली मुलगी मला अजून आठवते. मी अमेरिकेत, त्यांच्या युनिव्हर्सिटीतल्या डिपार्टमेंटच्या ऑफिसात नुकतीच लागले होते. मुलगी चांगली उंच, खेळाडू अंगाची. माझ्या टेबलापाशी उभी राहून ती नाक पुसत होती आणि मला काय करावं ते सुचत नव्हतं. तिच्या मागोमाग सर दारात आले, तिच्याकडे पाहून फार मायेने हसले, आणि माझ्याकडे वळून स्वच्छ मराठीत म्हणाले, "हिला पाणी द्या. आणि डोकं न वापरता करता येईल असं एखादं काम माहीत असेल तर तेही सुचवा."

मुलीला वाटलं, सर तिच्याविषयी काहीतरी चांगलं बोलले. ती म्हणाली, "थँक यू, प्रोफेसर."

सर मराठी आहेत हे मला तोवर माहीतच नव्हतं. त्यांनी मात्र माझ्या नावावरून मला ओळखून ठेवलं होतं. त्या दिवसापासून मराठी ही त्यांची माझ्याशी बोलायची भाषा झाली, आणि चारचौघांत कुणाचाही अपमान करायचीही. डीन साहेब समोर बसलेले असताना ते मान हलवत, कौतुकाचा चेहरा करून मला सांगत, "सुनंदाबाई, या माणसाला अर्धा तास बोलू दिलं की याच्याकडे काही बोलायला नाही हे त्याच्याही लक्षात येतं." डीन साहेब खूश होत. मी फायलीत तोंड घालून बसे.

युनिव्हर्सिटीच्या गावी, पिस्कॅटवेत, तेव्हा आमच्या गल्लीत निम्मी घरं आपल्याच लोकांची होती, पण सर त्यांतल्या कुणात मिसळत नसत. ते मूळचे अलिबागकडचे. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे कित्येक पिढ्यांपासून मराठी बोलणारे यहुदी. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. हे सगळं मला सरांनीच सांगितलं. सांगताना ते दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत असल्यासारखे बोलत. दिसायला बारके, काळेसावळे, अलिबागच्या कुठल्याही बाजारात खपून जातील असे. बारा महिने एकच तपकिरी स्वेटर. लग्न केलं नव्हतं. गाडी शिकले नव्हते. देवावर विश्वास नव्हता. पण मी महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकला, प्रत्येकाने घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, ओढून नेलं आणि कोळंबीचं कालवण समोर आलं की ताट बाजूला घ्यायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, आवडत नाही. कधी खाल्ली होती, असं विचारल्यावर म्हणाले, कधीच नाही.

ते ग्रीक शिकवत. त्यांचा सगळा लौकिक मात्र एका प्रश्नावर उभा होता. ग्रीक तत्त्ववेत्त्यांना यहुद्यांचे धर्मग्रंथ माहीत होते का? फार पूर्वीपासून लोक सांगत आले आहेत की अथेन्सचे ते मोठमोठे विचारवंत इजिप्तला गेले, तिथे त्यांनी यहुद्यांचा प्रेषित मोशे याचा ग्रंथ वाचला आणि एकच देव, नीती, जगाची उत्पत्ती हे सगळं तिथून उचललं. आधी यहुद्यांनी हे सांगितलं, मग ख्रिस्ती लोकांनी. सरांनी आयुष्यभर एकच गोष्ट सिद्ध केली, की यातलं काहीही खरं नाही. मोशेच्या ग्रंथाचं ग्रीक भाषांतर झालं तोवर ते थोर ग्रीक मरून गेले होते. त्यांच्या नंतरच्या पिढीतल्या काहींनी यहुद्यांचा उल्लेख केला आहे, पण तो ऐकीव. एवढंच. बाकी सगळी, सरांच्या शब्दांत, गरिबांची श्रीमंत नातेवाइकांबद्दलची स्वप्नं.

वर्गात त्यांचा एकच प्रश्न असे. कशावरून? मराठीतच विचारत. पोरांना अर्थ पहिल्या दिवशीच सांगून टाकत आणि मग वर्षभर तो शब्द त्यांच्या डोक्यात हाणत. एखाद्याने कुठलंही वाक्य जरा आत्मविश्वासाने म्हटलं की सर खिडकीबाहेर बघत विचारत, "कशावरून?" उत्तर चुकलं तर पुन्हा विचारत नसत. त्या पोराकडे उरलेलं सेमिस्टर बघतच नसत. रागावलेलं परवडलं, असं पोरं मला सांगायची.

एका वर्षी आमच्या महाराष्ट्र मंडळाने त्यांना व्याख्यानाला बोलावलं. मीच मध्ये पडले होते. शाळेचा हॉल भरला होता, लोक मुलांना घेऊन आले होते. सर छान बोलायला लागले. म्हणाले, एका मोठ्या ग्रीक गुरूचा शिष्य लिहून गेला आहे की त्याच्या गुरूला आशियात एक यहुदी भेटला होता, बोलायला ग्रीक आणि मनानेही ग्रीक. आणि तोच शिष्य पुढे म्हणतो, की हे यहुदी म्हणजे भारतातल्या तत्त्वज्ञांचे वंशज.

हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या रांगेतले जोशी काका, मंडळाचे जुने अध्यक्ष, उठून उभे राहिले. सर टाळ्या संपेपर्यंत थांबले.

"तुम्ही टाळ्या कशाला वाजवल्या ते मला कळलं नाही," ते म्हणाले. "त्या माणसाला यहुदी कोण ते माहीत नव्हतं आणि भारत कुठे आहे तेही धड माहीत नव्हतं. दोन्ही लांबचे, दोन्ही विचित्र. म्हणून त्याने दोघांना एका डब्यात टाकलं. इथल्या गोऱ्या माणसाने तुम्हाला मेक्सिकन समजलं तर तुम्ही टाळ्या वाजवता का?"

जोशी काका तसेच उभे होते. बसावं की नाही हे त्यांना कळेना. त्यांचा नातू मोठ्याने हसला आणि त्याच्या आईने त्याला गप्प केलं. काका बसले ते खाली बघत बसले. पुढच्या कार्यक्रमांना मी त्यांना फारसं पाहिलं नाही.

घरी सोडताना मी गाडीत काही बोलले नाही. सरांना ते जाणवलं असावं, कारण त्यांनी आपणहून एक गोष्ट सांगितली. त्यांचे वडील अलिबागला कोर्टात कारकून होते. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागला की ते पोरांना सांगायचे, आपल्याला लोक तेली म्हणतात, म्हणू देत, पण ग्रीसचे सगळ्यात शहाणे लोक आपल्या मोशेच्या पायाशी बसून शिकले. त्या एका वाक्यासाठी सर ग्रीक शिकले. मुंबईत एका पाद्र्याकडे, मग स्कॉलरशिपवर इथे. पहिल्यांदा परत गेले तेव्हा वडिलांनी अंगणात शेजारीपाजारी जमवले होते. कोर्टातले दोन वकीलही आले होते. वडील म्हणाले, विचारा आता माझ्या मुलाला, तो खुद्द त्यांच्या भाषेत वाचून आलाय.

"मग तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"जे होतं ते. म्हटलं, त्या लोकांना आपलं नावसुद्धा धड माहीत नव्हतं." मग म्हणाले, "ते माझं पहिलं व्याख्यान."

वडील काय म्हणाले, असं मी विचारलं. सर म्हणाले, ते उठून आत निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडवर सोडायला आले नाहीत. पुढे दोन वर्षांनी वारले. सरांच्या आवाजात पश्चात्ताप आहे का, हे मी कान देऊन ऐकत होते. मला तरी तो ऐकू आला नाही.

सरांना या गावात एकच मित्र होता. आर्नी. रिटायर झालेला दातांचा डॉक्टर, जाडा, गुलाबी, सतत माफी मागितल्यासारखा हसणारा. तो सरांच्या वर्गात मागे येऊन बसायचा. मार्क नकोत, डिग्री नको, नुसतं ऐकायला. तोही यहुदी; गावातल्या छोट्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळात, तोच त्यांना पहिल्यांदा घेऊन गेला. तिथले लोक सरांना भेटले की हमखास विचारत, तुम्ही धर्मांतर कधी केलंत? आर्नीने कधीच विचारलं नाही. तो त्यांना डॉक्टरकडे न्यायचा, बर्फ पडला की दूध आणून द्यायचा, आणि दर शुक्रवारी जेवायला घरी न्यायचा. त्याची बायको रूथ सरांसाठी वेगळी, तिखट मासळी करायला शिकली होती. मीही एकदोनदा त्या जेवणांना गेले आहे. तिथे सर जवळजवळ सुखी दिसायचे.

असंच एकदा रूथने त्यांच्या लोकांबद्दल विचारलं. सरांनी माशांची गोष्ट सांगितली. फार वर्षांपूर्वी बाहेरून एक विद्वान यहुदी कोकणात आला. हे लोक खरंच आपले आहेत का, हे पाहायला त्याने बायकांपुढे सगळ्या तऱ्हेचे मासे ठेवले. बायकांनी यहुदी धर्माला चालणारे, खवले असलेले मासे वेगळे काढले, कोळंबीसकट बाकीचे शिजवायला नकार दिला. त्याने मान्य केलं, हे यहुदी. रूथच्या डोळ्यांत पाणी आलं. सर हसून म्हणाले, की गोष्ट छान आहे, पण पुरावा म्हणून कवडीची नाही. मासे निवडणं कुठल्याही कोळणीला येतं. रूथ म्हणाली, येऊ दे, मला पटली. आणि मग म्हणाली, सॅम्युअल, तुझं इथे कुणी नाही, तू गेलास की दफनभूमीत आमच्या शेजारीच तुला जागा घेऊ. सरांनी तिला पुन्हा वाढायला सांगितलं.

आर्नी एक पुस्तक लिहीत होता हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. विषय तोच. ग्रीक तत्त्ववेत्त्यांनी मोशेचा ग्रंथ वाचलाच होता, हे दाखवायचं. सरांचं सगळं वाचून, सरांच्या वर्गात बसून, त्याला अजून तसंच वाटत होतं. रूथने ते सगळं टाइप केलं होतं. बांधून, निळं कव्हर घालून त्याने ते सरांना दिलं, आणि सर म्हणाले, माझ्या सेमिनारमध्ये मांड.

मी सरांना गाठलं. खोटं बोलू नका, म्हटलं, पण एकटं गाठून सांगा. म्हातारा माणूस आहे.

"सुनंदाबाई," ते म्हणाले, "ज्याला आपण बरोबरीचा मानत नाही त्याला एकटं गाठून सांगतात."

सेमिनारच्या दिवशी आर्नी टाय लावून आला. रूथ शेवटच्या खुर्चीत बसली, मांडीवर कुकीजचा डबा. मी चहाच्या निमित्ताने आत होते. आर्नी जवळपास तासभर बोलला. बोललाही चांगला. इजिप्तमध्ये यहुदी सैनिकांची छावणी होती, ग्रीक प्रवासी इजिप्तला जात, दोघांच्या विचारांत इतकं साम्य आहे, आणि एका जुन्या लेखकाने म्हटलंय की प्रसिद्ध भाषांतराच्या आधीचं एक भाषांतर होतं, ते हरवलं.

सर उठले नाहीत. बसल्याबसल्या, अगदी हळू बोलले. त्या छावणीची कागदपत्रं सापडली आहेत, म्हणाले. घरं विकल्याची आहेत, लग्नांची आहेत, भांडणांची आहेत. मोशेच्या ग्रंथाचं एक पान नाही. जे त्यांच्याजवळच सापडत नाही ते ग्रीकांनी त्यांच्याकडून वाचलं म्हणता? हरवलेल्या भाषांतराबद्दल सांगणारा माणूस एकच, आणि ते असण्याची गरजही त्यालाच. मग त्यांनी एकेक पान काढून दाखवलं, कुठे क्रियापद चुकीचं वाचलंय, कुठे इंग्रजी भाषांतरावर भरवसा ठेवलाय. एक पोरगा फिसकन हसला. सरांनी त्याच्याकडे इतक्या थंडपणे पाहिलं की तो गार पडला, पण स्वतः थांबले नाहीत. शेवटी निळं कव्हर मिटून म्हणाले, "आर्नी, हे पुस्तक नाही. ही एका चांगल्या माणसाची इच्छा आहे. त्यावर मला काही म्हणायचं नाही."

आर्नी म्हणाला, थँक यू. कागद गोळा करताना त्याच्या हातून ते दोनदा खाली पडले.

कॉरिडॉरमध्ये रूथने सरांना अडवलं. ओरडली नाही. म्हणाली, "तुझ्याशी बोलायला त्याच्याकडे काहीतरी असावं म्हणून त्याने ते लिहिलं."

"मग दातांबद्दल बोलायचं," सर म्हणाले. "ते त्याला येतं."

कुकीजचा डबा ती माझ्या टेबलावर ठेवून गेली. त्यानंतर शुक्रवारची जेवणं बंद झाली. सर दूध स्वतः चालत जाऊन आणायला लागले. वर्षभरात रूथ कॅन्सरने गेली. सर शोकाच्या बैठकीला गेले, मीच घेऊन गेले होते. कोपऱ्यात, घरच्यांनी शोकात बसायच्या एका बुटक्या स्टुलावर बसून राहिले. आर्नी सगळ्यांशी बोलला, त्यांच्याशी नाही.

रिटायर झाल्यावर सरांना हार्टचा त्रास सुरू झाला. एक दिवस त्यांचा फोन आला, की सिनेगॉगच्या दफनभूमीत जागेसाठी अर्ज केलाय, कमिटीने बोलावलंय, येता का? देव न मानणाऱ्या माणसाला तिथे कशाला जायचंय, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

कमिटी तळघरात बसली होती. नवा रब्बी, म्हणजे त्यांचा धर्मगुरू, तरुण, फार नम्र. दोघं अनोळखी. आणि आर्नी. रब्बीने विचारलं, यहुदी असल्याचा पुरावा म्हणून आईवडिलांच्या लग्नाचा करार आहे का? वाळवीने खाल्ला, सर म्हणाले. अलिबागच्या सिनेगॉगमधून एखादं पत्र? मी सरांना हळूच म्हटलं, हे तर सहज होईल, दोन दिवसांचं काम. सर मोठ्याने, इंग्रजीत म्हणाले, "तिथलं पत्र माझा चुलतभाऊ लिहील. भावाने भावासाठी लिहिलेल्या पत्राला मी पुरावा म्हणत नाही."

रब्बी ओशाळला. त्याला हे मिटवायचंच होतं. तो म्हणाला, इतकं ताणायची गरज नाही, इथल्या कुणीतरी ओळख दिली तरी मला पुरे. आर्नी, तुमच्या टेबलावर हे कित्येक वर्षं जेवलेत ना?

सगळे आर्नीकडे बघायला लागले. त्याने नुसती मान हलवली असती तरी झालं असतं.

त्याने दोन्ही हात टेबलावर टेकले. मग म्हणाला, "मला हा माणूस प्रिय होता. पण याचे लोक कोण, ते मला यानेच सांगितलेल्या गोष्टीवरून माहीत आहे. आणि ती गोष्ट पुरावा म्हणून कवडीची नाही, हेही यानेच सांगितलं. माझ्या बायकोसमोर."

रब्बी घाईघाईने म्हणाला, मग एक साधा उपाय आहे, एक छोटा विधी, नुसती डुबकी, औपचारिकता म्हणून, म्हणजे कुणाला शंका उरणार नाही. धर्मांतरच ते, पण त्याने तो शब्द टाळला. सरांनी त्याचं पूर्ण ऐकून घेतलं. कोटाची बटणं लावली. आर्नीला म्हणाले, "करेक्ट." आणि जिना चढायला लागले. जिन्यात त्यांना दोनदा थांबावं लागलं.

गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "इतकी पोरं माझ्या हाताखालून गेली. शिकला हा एकटा."

मी रडत होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही दिली असती ओळख?"

"दिली असती."

"कशावरून?"

"तुम्ही कोळंबी खात नाही, सर."

ते हसले. सिग्नल सुटून मागचा हॉर्न वाजवायला लागला तरी हसत होते. मग रुमालाने तोंड पुसून म्हणाले, "ती मला आवडत नाही."

पुढच्या वर्षी ते गेले. मी तेव्हा पुण्यात होते. गावच्या सार्वजनिक दफनभूमीत, हायवेच्या कडेच्या उतारावर त्यांनी आधीच जागा घेतली होती, आणि कुणी कसलीही प्रार्थना म्हणायची नाही अशी सूचना ठेवली होती. आर्नी दफनाला गेला होता. मला फोनवर म्हणाला, मी उभा राहिलो फक्त, तोंडातून शब्द काढला नाही.

मी सरांना शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या फेब्रुवारीत. आर्नीने मला बोलावून घेतलं होतं. कमिटीच्या त्या दिवसापासून त्याला झोप नव्हती. रूथ करायची तसं सूप करून, पातेलं टॉवेलमध्ये गुंडाळून तो सरांच्या बिल्डिंगच्या दारात उभा होता. बेल वाजवून वाजवून थकला होता. मी वाजवली तेव्हा इंटरकॉमवर सरांचा आवाज आला. त्यांना वरून दिसत असावं, कारण त्यांनी कोण आहे ते विचारलं नाही.

"त्याला सांगा," ते मराठीत म्हणाले, "त्या दिवशी तो बरोबर होता."

मी आर्नीला सांगितलं. त्याचा चेहरा एकदम सैल पडला. तो दाराच्या जवळ सरकला, पातेलं सावरून घेतलं, आता दार उघडेल म्हणून.

"आणि म्हणावं, बरोबर असलेल्याने माफी मागायला येऊ नये. ते मला बघवत नाही. घरी जा म्हणावं, आणि पुन्हा येऊ नको."

मी तेही सांगितलं. दुसरं काय करणार? सर ऐकत होते, आणि इंग्रजी त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

आर्नीने पातेलं पायरीवर ठेवलं. जरा वेळाने वाकून परत उचललं. पार्किंग लॉटमध्ये बर्फ गोठला होता, आणि तो एकेक पाऊल चाचपत गाडीकडे निघाला, मधेच घसरला, सावरला, सूप कोटावर सांडलं. मी त्याचा हात धरायला धावले. त्याला गाडीत बसवून मी वर पाहिलं.

सर खिडकीत उभे होते. तोच तपकिरी स्वेटर. काचेला अगदी चिकटून, आर्नीच्या गाडीकडे बघत. गाडी सुरू झाली, मागे आली, वळली. सरांचा हात हळूहळू वर गेला. मला वाटलं, निरोप देतायत. मी आर्नीला थांब म्हणणार, इतक्यात त्यांनी वरची दोरी धरली आणि पडदा खाली ओढला.